ताई, विग असा धू

प्रिय ताई,

आई म्हणाली विग आणल्यापासून तू तो एकदाही धुतला नाहीस, खराब होईल म्हणून भीती वाटते तुला. घाबरू नको गं. मी इथे नाटकांच्या विगचंच काम करते, आणि फोनवर घाईघाईत निम्मं राहून जातं म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

आधी विग खऱ्या केसांचा आहे की सिंथेटिक ते बघ. आतल्या लेबलवर नसेल तर मानेकडचा एक केस कापून चिमट्यात धरून जाळ, खरा असेल तर केस जळल्याचा वास येऊन राख होते, सिंथेटिक वितळून त्याची कडक गोळी होते. हे कळणं फार महत्त्वाचं कारण सिंथेटिकला उष्णता अजिबात चालत नाही, साधा ड्रायर नको, आणि विग घालून कुकर किंवा ओव्हन उघडताना लांब उभी राहा, त्या वाफेनेच पुढचे केस आकसतात.

आणि रोज धुवायचा नाही. आपल्या केसांना मुळातून तेल मिळतं, तुटले तर नवीन येतात, विगला यातलं काहीच नाही, जेवढे केस आहेत तेवढेच, म्हणून तू रोज घालत असलीस तरी साधारण दोन आठवड्यांनी धुतलास की पुरे, घाम फार आला तर थोडा आधी.

गुंता कोरडा असतानाच काढ, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून हळूहळू वर जात. मग टबमध्ये पाणी घे, सिंथेटिकला गार, खऱ्या केसांना कोमट, त्यात थोडा सौम्य शाम्पू मिसळ आणि विग बुडवून वरून खाली अलगद हात फिरव. डोक्यावर चोळतो तसं चोळलंस तर असा गुंता होईल की सुटता सुटणार नाही. आतली पट्टी कपाळाशी घाम आणि मेकअप धरते, ती मात्र बोटांनी नीट साफ कर. कंडिशनर फक्त मधल्या भागापासून टोकापर्यंत, मुळाशी नको, तिथे एकेक केस गाठ मारून बसवलेला असला तर ती गाठ सैल होते आणि केस गळायला लागतात. (आमच्याकडे नवीन येणारे सगळे याच ठिकाणी चुकतात.) सिंथेटिकला त्याच्यासाठी मिळणारा कंडिशनर वापर, साधा चिकट होतो.

पिळायचा नाही हं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढ आणि स्टँडवर सावलीत वाळू दे, स्टँड नसला तर उंच बाटलीवर. ओला असताना विंचरू नको, सिंथेटिक कुरळा असेल तर मुळीच नाही, कुरळेपणा जातो. पूर्ण वाळायला रात्र लागते, म्हणून धुवायचा तो दुसऱ्या दिवशी कुठे जायचं नसेल तेव्हाच धू.

झोपताना काढून ठेवत जा, मानेमागचे केस उशीला घासून सगळ्यात आधी तेच खराब होतात. आणि केमोनंतर तुझी त्वचा अजून हुळहुळी आहे ना, मग आतून पातळ सुती टोपी घाल, लालसर झालं किंवा खाज राहिली तर विग काढून ठेव आणि डॉक्टरांना दाखव, तेवढ्यासाठी सहन करत बसू नको.

लेबलचा फोटो पाठव आधी, मग कुठला शाम्पू घ्यायचा ते सांगते. पहिल्यांदा धुशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव, मी बघत बसते.

तुझी धाकटी