तुझ्या झाडाबद्दल

प्रिय मित्रा,

तू फोटो टाकून विचारलंस ना, हा कुठला धोतरा, याची फुलं उलटी का लटकतात. मेसेजमध्ये दोन ओळीत सांगून मन भरेना म्हणून हे पत्र. अरे तो धोतरा नाही, ब्रुगमॅन्सिया आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये धोतऱ्यातच धरला होता, १८०५ मध्ये पर्सून या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगळा काढला. धोतऱ्याचं फूल वर बघतं आणि फळाला काटे असतात, याचं फूल खाली लोंबतं, फळ बिनकाट्याचं आणि खोड चांगलं लाकडी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. याच्या सात जाती, मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजची डोंगराळ जंगलं, एक जात तेवढी आग्नेय ब्राझीलची, आणि आययूसीएनच्या, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, यादीत सातही जाती जंगलातून नामशेष! जगभर बागांमध्ये फुलतंय आणि स्वतःच्या डोंगरात आपलं आपण उगवलेलं एक रोप नाही. मला हे कळल्यापासून खरंच चैन पडत नाहीये. असं मानतात की याची फळं खाऊन बिया लांब नेणारे मोठे प्राणी कधीच संपले, मग बी पडलं तरी झाडाखालीच. तिथल्या लोकांनी फांद्या लावून लावून ते जगवलं, कोलंबियातल्या सिबुंदोय खोऱ्यात तर कामसा आदिवासींनी कितीतरी वाण सांभाळलेत, औषधासाठी आणि विधींसाठी.

परागीभवन करणारे मात्र आहेत अजून. बहुतेक जातींना रात्रीचे पतंग, म्हणून तर संध्याकाळी वास सुटतो. तांबड्या फुलाच्या जातीला वास जवळपास नाहीच, तिथे तलवारचोच्या हमिंगबर्ड येतो, शेपटी सोडली तर त्याची चोच अख्ख्या अंगाहून लांब, पिसं साफ करायला पाय वापरावे लागतात बिचाऱ्याला.

आणि हो, झाड आख्खं विषारी आहे, स्कोपोलामिन नावाचं विष असतं, छाटणी केलीस की हात धू, तो हात डोळ्याला अजिबात लावू नकोस, लहान मुलांना लांब ठेव.

आता एक काम. बहुतेक जाती स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत आणि फांदीवरून वाढवलेली झाडं म्हणजे शेवटी एकच झाड. माझ्याकडचं दुसऱ्या ठिकाणून आणलेलं आहे, त्याला कळ्या आल्यात. तुझं फुललं की लगेच कळव, मी पराग घेऊन येतो. एक तरी फळ धरलेलं बघायचंय रे मला.

तुझाच