अल्थिया गिब्सन यांची गोष्ट विम्बल्डनच्या चषकापाशी थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विम्बल्डन किंवा अमेरिकन ओपन स्पर्धा जवळ आली की आपल्याकडच्या क्रीडा पानांवर एखाद्या छोट्या चौकटीत अल्थिया गिब्सन यांचे नाव येते. १९५७ साली विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू, एवढी नोंद त्यात असते. ती खरी आहे. पण तिथेच थांबल्यामुळे चषक हाती आला आणि सगळे अडथळे संपले, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात तसे घडले नाही, आणि जे घडले ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गिब्सन यांचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी दक्षिण कॅरोलायनातील सिल्व्हर या गावी, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. मुलांना खेळता यावे म्हणून रहदारीसाठी बंद ठेवलेल्या एका रस्त्यावर त्या लाकडी फळीने पॅडल टेनिस खेळू लागल्या आणि बाराव्या वर्षी त्या खेळात शहराच्या विजेत्या ठरल्या. त्यांना टेनिस क्लबचे सभासदत्व मिळावे म्हणून शेजारपाजाऱ्यांनी वर्गणी काढली. गोऱ्यांच्या स्पर्धांची दारे बंद असल्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९१६ साली स्वतःची ‘अमेरिकन टेनिस असोसिएशन’ उभी केली होती. तिच्या स्पर्धेत गिब्सन यांनी १९४७ पासून सलग दहा वर्षे महिलांचे विजेतेपद राखले. याच वर्तुळातील दोन डॉक्टरांनी, विल्मिंग्टनचे ह्यूबर्ट ईटन आणि लिंचबर्गचे वॉल्टर जॉन्सन यांनी, त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले, खेळाचा सराव दिला आणि अर्धवट सुटलेले शालेय शिक्षण पूर्ण करायला लावले. गिब्सन यांना बाहेरून येऊन कोणी ‘शोधून’ काढले नाही, त्यांच्याच समाजाने पदरमोड करून त्यांना घडवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही, असा लेखी नियम नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण पात्रतेसाठी ज्या स्पर्धा खेळाव्या लागत त्या खासगी क्लबांच्या हिरवळीवर होत आणि तिथले निमंत्रण यांना येतच नसे. जुलै १९५० मध्ये माजी विजेत्या ॲलिस मार्बल यांनी एका टेनिस मासिकात आपल्याच खेळातील या ढोंगावर उघड टीका केली. त्यानंतर ऑगस्टमध्ये, आपल्या तेविसाव्या वाढदिवसानंतर काही दिवसांनी, गिब्सन या राष्ट्रीय स्पर्धेसाठी न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सच्या मैदानावर उतरल्या. दुसऱ्याच फेरीत त्यांची गाठ तेव्हाच्या विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रो यांच्याशी पडली. निर्णायक सेटमध्ये गिब्सन ७-६ अशा पुढे असताना वादळ आले आणि सामना थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ७-९ असा गमावला.

त्यानंतरची काही वर्षे चाचपडण्यात गेली. १९५५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने काही खेळाडूंना आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर धाडले, त्यात गिब्सन होत्या आणि त्या भारतातही खेळल्या. त्याच वर्षी मिसिसिपीमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली होती. जगापुढे गिब्सन यांना मिरवणारे सरकार स्वदेशात त्यांच्या समाजाला संरक्षण देऊ शकत नव्हते. या दौऱ्यानंतर मात्र त्यांचा खेळ बहरला. १९५६ मध्ये त्यांनी फ्रेंच स्पर्धेतील एकेरीचे, आणि अँजेला बक्स्टन या ब्रिटिश ज्यू सहकारी खेळाडूबरोबर फ्रेंच व विम्बल्डन दुहेरीचे विजेतेपद मिळवले. १९५७ आणि १९५८ अशी दोन्ही वर्षे विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा त्यांनी जिंकल्या. १९५७ च्या विजयानंतर राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते चषक मिळाला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांची मिरवणूक निघाली. आणि त्याच महिन्यात शिकागोजवळ स्पर्धेसाठी गेल्या असता हॉटेलात खोली नाकारली गेली.

शिवाय मिरवणुकीने पोट भरत नव्हते. त्या काळी या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या असत आणि बक्षिसाची रक्कम नसे. पुरुष विजेत्यांना निदान व्यावसायिक दौऱ्यांत उतरून कमाई करता येई. स्त्रियांसाठी तशी सोय जवळजवळ नव्हतीच, आणि स्त्री असून कृष्णवर्णीय असलेल्या खेळाडूला जाहिरातीही मिळत नसत. अकरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे नावावर असताना १९५८ मध्ये त्यांनी हौशी टेनिस सोडले, बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रदर्शनीय सामने खेळले, गाणीही ध्वनिमुद्रित केली. व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धांची दारे १९६८ साली उघडली, तेव्हा त्या चाळिशीत पोहोचल्या होत्या.

दरम्यान १९६४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, महिला गोल्फच्या व्यावसायिक दौऱ्यात त्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद झाल्या. मैदानावर खेळू देणारे काही क्लब त्यांना इमारतीत पाऊल ठेवू देत नसत आणि त्यांना मोटारीत बसून कपडे बदलावे लागत. पुण्यात दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर सामना जिंकायचा, पण चहा मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात द्यायचा, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या वागण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पक्षाघात आणि औषधोपचारांचा खर्च यांनी गिब्सन पूर्ण खचल्या. १९९० च्या दशकात त्यांनी बक्स्टन यांना दूरध्वनी करून आपली हलाखी सांगितली. बक्स्टन यांनी त्यांना न कळवता एका टेनिस नियतकालिकात मदतीचे पत्र छापून आणले आणि जगभरातून धनादेश येऊ लागले. २८ सप्टेंबर २००३ रोजी गिब्सन यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय टेनिस केंद्रात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१९ मध्ये, आणि अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली ती २०२५ मध्ये.

आपल्या पुरवणीत जागेची अडचण असते, याची मला कल्पना आहे. तरीही पुढच्या विम्बल्डनच्या वेळी या खेळाडूसाठी चौकटीऐवजी अर्धे पान द्यावे आणि त्यातला निम्मा मजकूर १९५८ नंतरच्या वर्षांवर असावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक