काका, खिडकीबाहेर काढलेल्या त्या हातासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर बोलायला गेलं की तुम्ही "राहू द्या ना जी डॉक्टर, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. परवा क्लिनिकमध्येही तेच केलंत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण वाचलंत की कळेलच.

एकवीस वर्षं नागपुरात धरमपेठेत दाढा काढून, रूट कॅनल करून साठवलेल्या पैशातून मी नोव्हेंबरात ती गाडी घेतली. दोन दारांची, बसकी, सहा गिअरची स्पोर्ट्स कार. ऑटोमॅटिक सहज मिळाली असती, पण मला हातानं गिअर टाकायची हवी होती. बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिचा गिअर स्टेअरिंगच्या बाजूला असायचा आणि मागच्या सीटवरून मी फक्त तो दांडा वरखाली होताना बघत बसायची. आम्हा तिघी बहिणींपैकी कुणालाच बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. "मोठ्या व्हा, मग बघू." मोठी होऊन सत्तेचाळिसाव्या वर्षी मी माझा गिअर विकत घेतला आणि तो माझ्या हातून पडेना.

नागपूरची डिसेंबरातली सकाळ तुम्हाला सांगायला नको. पारा दहाच्या खाली, अंबाझरीकडून येणारी बोचरी हवा. अशात गाडी काढली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मध्येच अडायचा, जणू आतून कुणीतरी धरून ठेवलाय. जोर लावला की खर्रर्र आवाज, नाहीतर झटका बसून गाडी बंद. रिव्हर्सची तर धास्तीच घेतली होती. संध्याकाळी पेशंटच्या तोंडात आरसा धरताना मनगट ठणकायचं. दोन आठवड्यांत अशी वेळ आली की किल्ली हातात घेतली की पोटात गोळा यायचा. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हौसेनं घेतलेल्या वस्तूची भीती वाटणं फार वाईट असतं, काका. कुणाला सांगताही येत नाही.

मी मदत मागितली नाही असं नाही. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. तिथल्या मुलानं भर दुपारी चक्कर मारून आणली आणि सांगितलं, "मस्त पडतो की गिअर." प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. "मॅडमसाठी ऑटोमॅटिकच घ्यायला पाहिजे होती सर." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा, एवढी ताकदीची गाडी आहे तर गिअर जडच असणार, असं सांगून बोळवण केली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं लांबूनच हात जोडले. घरातली, ओळखीतली मंडळी तर उत्साहानं धावून आली. "सरक, दाखवतो तुला." प्रत्येकानं सीट मागे ढकलली, फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर मारली, फोटो काढले, किल्ली परत दिली. निदान पाच जणांनी मला माझ्याच गाडीतून खाली उतरवलं आणि त्यांतल्या एकानंही मी ती कशी चालवते हे बघितलं नाही.

तुम्ही बघितलंत.

तुम्ही कवळी घासून घ्यायला आला होतात. खालच्या डाव्या बाजूला टोचत होती. काम झालं, तुम्ही जिना उतरलात, तुमच्या मागोमाग मीही क्लिनिक बंद करून खाली आले आणि गाडी काढायला लागले. तो खर्रर्र आवाज ऐकून फाटकापाशी पोचलेले तुम्ही परत फिरलात. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाच्या कानाला तो आवाज सोसवला नसणार. मला वाटलं, आता हेही म्हणणार, सरका. मी दार उघडून उतरायच्या बेतात होते. तुम्ही वळसा घालून डावीकडे गेलात, दुखऱ्या गुडघ्यानिशी त्या बुटक्या सीटमध्ये कसेबसे बसलात आणि म्हणालात, "चला, कुटं जाऊन राहिल्या? मले बी न्या."

पहिली पाच मिनिटं तुम्ही काहीच बोलला नाहीत. गिअरकडेही तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही माझ्या पायाकडे बघत होतात. मग लक्ष्मीभवन चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावलीत. "डॉक्टर, क्लच पुरा दबून नाही राहिला. दोन बोटं वर राहते." खाली वाकून हातानं दाखवलंत. सीट दोन खाचा पुढे घ्यायला लावलीत. एवढंच. सर्व्हिस सेंटरमधल्या साडेपाच फुटी मुलाला, माझ्या उंच दिराला, सगळ्यांना गिअर नीट पडत होता, कारण प्रत्येकानं सीट आपल्या पायाला बेतून घेतली होती. आणि मी, पाच फूट एक इंच, त्यांनी मागे ठेवलेल्या सीटवर बसून अर्धवट दाबलेल्या क्लचवर गिअरशी झुंजत होते. क्लच पूर्ण दाबला नाही तर आतला दात फिरताच राहतो, मग दुसरा दात त्यात शिरणार कसा, हे तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलंत. ती बोटं मला अजून दिसतात. जाड, नखांत जुनं काळं ग्रीस मुरलेली.

तरीही सकाळचा दुसरा गिअर जडच राहिला. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी क्लिनिकच्या डायरीत लिहून ठेवलंय. "तुमी त्याच्यासंग भांडून राहिल्या. मुठीत धरू नका. दांडा लोटा, टेकवा अन् थांबा. आत पितळेची रिंग हाय, ती आतली दोन्ही दातेरी चाकं सारख्या चालीवर आणते. सकाळी तेल थंड, घट्ट. तिले टाइम लागते. जागा भेटली की तो सोताच जाते." काट्यावर इंजिनाचं पाणी गरम दिसलं तरी गिअरच्या डब्यातलं तेल गरम व्हायला आणखी चार-पाच किलोमीटर लागतात, तोवर तिला पळवायची नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. आणि स्पोर्ट्स कारचा दांडा आखूड असतो, हात थोडाच हलवावा लागतो, मग जोर जास्त लागणारच. लांब पहार आणि आखूड पहार यांतला फरक, असं म्हणालात. तुमच्या उमेदवारीच्या काळातल्या बसला ती पितळेची रिंगही नसायची. डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा आवाज कानानं जुळवून गिअर टाकावा लागायचा आणि मागे पन्नास माणसं झोपलेली असायची.

काका, दाढ काढताना मी नेमकं हेच करते. नवशिक्याला वाटतं जोर लावून ओढायची असते. तशी ओढली तर मूळ तुटतं. चिमटा बसवायचा, हळू दाब द्यायचा आणि हाडाला पसरायला वेळ द्यायचा. दाढ सुटते तेव्हा हाताला कळतं. शासकीय दंत महाविद्यालयात असल्यापासून हे माझ्या हाताला ठाऊक होतं. तुमच्या शेजारी बसेपर्यंत ते गाडीत आठवलं नव्हतं, एवढी मी घाबरलेली होते. मी हे बोलून दाखवलं तर तुम्ही तोंडावर हात ठेवून हसलात. "मंग? तुमीच त मले म्हणाल्या होत्या ना, कवळी नवीन हाय, महिनाभर टोचन. मी काढून फेकली का?"

पण हे पत्र त्यासाठी नाही.

पत्र आहे ते झाशी राणी चौकासाठी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, तुम्ही म्हणालात आज बर्डीतून, सीताबर्डीच्या गर्दीतून जाऊ. मी नको म्हणत होते. सिग्नल हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, घाईत पहिल्याऐवजी तिसरा पडला, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. डोक्यावरून मेट्रो जात होती, तिचाही आवाज त्या हॉर्नमध्ये बुडाला. एक बाइकवाला काचेपाशी येऊन आत बघत काहीतरी बोलून गेला. माझ्या कानशिलांत ठोके पडायला लागले. हात असा थरथरत होता की दांड्यावर राहीना. डोळे भरून आले. मी तुम्हाला म्हटलं, "काका, तुम्ही या इकडे, मला नाही होत."

तुम्ही जागचे हलला नाहीत. तुम्ही काच खाली केलीत, डावा हात कोपरापर्यंत बाहेर काढलात आणि पंजा उघडा करून मागच्यांकडे धरलात. स्थिर. वाकून बघितलं नाहीत, कुणाशी हुज्जत घातली नाहीत. समोर सिग्नलकडे बघत मला म्हणालात, "मागच्याले थांबू द्या. कोनाचं काई जात नाही. आरामानं घ्या."

सिग्नल परत लाल झाला. परत हिरवा होईपर्यंत तो हात तसाच होता. तुमच्या स्वेटरची उसवलेली बाही, मनगटावरचा लाल दोरा, सगळं मला आरशात दिसत होतं. हॉर्न थांबले होते असं मी म्हणणार नाही, पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हते. मी क्लच तळापर्यंत दाबला, दांडा लोटला, टेकवला, थांबले. तो गेला. तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाहेर दारावर बोटातल्या अंगठीनं दोनदा टकटक केलंत. कंडक्टरची डबल बेल. चला.

माझ्या आजवरच्या आयुष्यात मला शिकवणारे खूप झाले. हुशार होते, मनानं चांगलेही होते. पण माझ्या हातून काम नीट होत नाहीसं दिसलं की बहुतेकांनी ते काम माझ्या हातातून काढून घेतलं. मदत म्हणूनच घेतलं. मीही माझ्या क्लिनिकमधल्या मुलींच्या हातून कितीदा साधन काढून घेतलंय, "आण इकडे, पेशंट खोळंबलाय" म्हणत. त्या दिवसापासून ते बंद केलं. आता पेशंटला सांगते, दोन मिनिटं थांबा, ती करतेय. पेशंट थांबतात. माणसं थांबतात, काका, कुणीतरी हात दाखवून सांगायला हवं असतं इतकंच. ज्यांनी एसटीनं प्रवास केलाय त्यांना तुमच्यासारखे चालक ठाऊक आहेत. म्हातारी पिशवी सावरत फाटकातून येतेय म्हणून गाडी धरून ठेवणारे. आत बसलेले कुरकुरतात, चालक पुढे बघत बसून राहतो. त्याचं कुणी नाव घेत नाही, पगारात त्याचं काही मिळत नाही. अशा माणसांच्या भरवशावर आपली गावं चालत आली आहेत असं मला मनापासून वाटतं.

आज गाडीच्या काट्यावर १८४० किलोमीटर झाले. गिअर बराच मोकळा झालाय. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा न्यूट्रलला सोडला की आपोआप मधल्या रांगेत येतो, नुसता पुढे सारायचा, हे तुम्ही सांगितलेलं आता हात न विचारता करतो. मागच्या शनिवारी पहाटे एकटी शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गावर चढले आणि पहिल्यांदाच सहावा टाकला. परत आल्यावर बर्डीत तर्री पोहे खाल्ले. तुमची फार आठवण आली.

फीचं विचारलं तर तुम्ही रागावलात. मिठाई तुम्हाला चालत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या आठ-नऊ दिवसांत तुम्ही एकदाही "जरा मी चालवून बघू का" असं म्हणाला नाहीत. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस माझ्याशेजारी बसून नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला.

तर येत्या रविवारी सकाळी सातला तुमच्या दारात येते. काकूंना सांगून ठेवा. रामटेकपर्यंत जाऊ. सीट तुमच्या पायाला लावून घ्या, आखूड वाटली तर आणखी मागे घ्या. मी डावीकडे बसेन. मागून कुणी हॉर्न वाजवला तर हात मी बाहेर काढेन, आणि अंगठी घालून येईन.

तुमची,
धरमपेठची डॉक्टर