टोरंट म्हणजे चोरीच, असं का धरता?

मा. संपादक,

गेल्या जत्रांच्या हंगामात आम्ही कुडाळ परिसरातले दशावताराचे ११ प्रयोग मंडळांची लेखी परवानगी घेऊन चित्रित केले. रात्रभराचा खेळ, त्यामुळे एकेक फाइल ४० जीबीच्या पुढे. मुंबईच्या चाकरमान्यांना ती पोचवायची कशी? पेनड्राइव्ह एसटीने धाडून पाहिले, एक वाटेत हरवला. शेवटी भाच्याने टोरंट, म्हणजे इंटरनेटवरून मोठ्या फाइल एकमेकांत वाटण्याची सोय, करून दिलं.

यात फाइलचे लहान तुकडे होतात. ज्याच्याकडे जो तुकडा पोचला, तो त्याच्याकडूनही पुढच्याला मिळतो. मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्याकडच्या पावसात याचं मोल फार. पहिल्या रात्री आमच्या एकट्या संगणकावरून फाइल रखडत जात होती. परळ आणि डोंबिवलीच्या दोघांकडे ती पूर्ण पोचली आणि बाकीच्यांना भराभर मिळू लागली.

मग आमच्या इंटरनेटवाल्याने टोरंट दिसलं म्हणून जोडणीच तोडली. परवानगीची पत्रं दाखवली, तरी ऐकेना. टोरंटवरून होणारी पायरसी, म्हणजे चोरून केलेल्या प्रतींचं वाटप, वाईटच, कलाकाराच्या पोटावर पाय आणणारी. पण ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने २००१ मध्ये आणलेल्या या तंत्रानेच उबुंटू, डेबियनसारख्या संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणाली वाटल्या जातात. पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती जपून सर्वांना खुल्या करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनेही २०१२ पासून आपल्या संग्रहासाठी टोरंटची सोय केली आहे. जोडणी तोडण्याआधी काय पाठवताय, एवढं तरी विचारा. चार मंडळांचे प्रयोग अजून आमच्या संगणकातच अडकून आहेत.

— एक दशावतारप्रेमी, कुडाळ