एका टिंबाची गोष्ट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रात्रपाळी चालू आहे, दिवसा डोळे उघडत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बालऔषधांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचंय, चार आठवड्यांत काय शिकवू, असं तू विचारलंस. उत्तराआधी एक जुनी गोष्ट सांगतो. लाजेपोटी तुलाही आजवर सांगितली नव्हती.

नोकरीचा तिसरा महिना होता. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ, वजन 1.6 किलो. जेंटामायसिन हे प्रतिजैविक किलोला 4 मिलिग्रॅम, म्हणजे 6.4 मिलिग्रॅम. व्हायल 2 मिलीत 80 मिलिग्रॅमची. उत्तर 0.16 मिली. मी 1.6 मिली भरलं आणि लेबलही तसंच लिहिलं. वजनही 1.6 असल्यामुळे आकडा ओळखीचा वाटला असणार. वॉर्डातल्या सिस्टरांनी सिरिंज उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा जिवाला जवळजवळ अख्खी व्हायल?"

त्यांनी गणित केलंच नव्हतं रे. त्यांच्या डोळ्यांना माप ठाऊक होतं. मोठ्या माणसाच्या डोसात दहापट चूक करायची तर सात-आठ व्हायली फोडाव्या लागतात, तिसऱ्या-चौथ्या व्हायलीला हात आपोआप थांबतो. बाळाची दहापट चूक एकाच व्हायलीत मावते. फार्माकॉलॉजीत वर्गात पहिला आलो होतो मी, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिला आठवडा फळ्यावर घालवू नकोस. मुलांच्या हातात सिरिंज दे आणि उत्तर मिलिग्रॅममध्ये नाही, मिलीत मागून घे. 8 किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला 15, म्हणजे 120 मिलिग्रॅम. समोर तीन बाटल्या ठेव: 5 मिलीत 120 वाली, 5 मिलीत 250 वाली आणि 1 मिलीत 100 वाले ड्रॉप्स. पहिलीतून 5 मिली, दुसरीतून 2.4, तिसरीतून 1.2. प्रत्येकाने रंगीत पाणी भरून तिन्ही सिरिंजा शेजारी मांडायच्या. मग विचार, पहिलीचं 5 मिली चुकून ड्रॉप्समधून गेलं तर? 500 मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. कागदावरचा हा आकडा मुलं विसरतील, ती भरलेली सिरिंज विसरणार नाहीत. टिंबाआधी शून्य हवंच (0.5), आणि 5 च्या पुढे '.0' कधीच नाही, हा नियम मात्र घोकूनच घे. टिंब पुसट झालं की 5.0 चे 50 होतात.

यंगचं सूत्र आठवतं? वय भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्या माणसाचा डोस, की मुलाचा डोस तयार. तोंडी परीक्षेत आपण ते किती ऐटीत म्हणायचो! त्याच्या मुळाशी समजूत अशी की मूल म्हणजे आखूड केलेला मोठा माणूस. दुसऱ्या आठवड्यात ही समजूत मोडून काढ, आणि त्यासाठी पुन्हा जेंटामायसिनच घे. नवजात बाळाच्या अंगात पाणीच 75 ते 80 टक्के, आपल्यात साठच्या आसपास. हे औषध पाण्यात पसरतं, म्हणून रक्तात तीच पातळी गाठायला बाळाला किलोमागे जास्त लागतं. पण मूत्रपिंडं कोवळी, औषध बाहेर टाकायला वेळ घेतात, म्हणून दोन डोसांतलं अंतर वाढवायचं. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळात 36 ते 48 तासांपर्यंत. डोस मोठा आणि अंतरही मोठं, असलं उत्तर यंगच्या सूत्रातून निघेल का?

क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचंही सांग. 1950 च्या दशकात ते नवजात बाळांना सढळ हाताने दिलं गेलं. मोठ्यांचं यकृत ते ग्लुक्युरोनिक आम्ल या शरीरातल्याच पदार्थाशी जोडून निकामी करतं, बाळाच्या यकृताला ते जमत नव्हतं. ते साचत गेलं, बाळं राखाडी पडली, दगावली. 1959 पर्यंत कारण कळलं. 1982 मध्ये अशीच ठेच पुन्हा लागली, या वेळी औषधाने नाही, तर सलाइन आणि पाणी टिकावं म्हणून घातलेल्या बेंझिल अल्कोहोलने. अपुऱ्या दिवसांची बाळं धापा टाकू लागली. म्हणून मुलांना लेबलच्या तळाचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायला लाव. मी अजूनही वाचतो, सहकारी हसतात.

तुझ्या यादीतले वाढीचे टप्पे दोन तासांत उरक, ते पुस्तकात आहेत. वाचलेला वेळ चवीला दे. खरंच सांगतोय! कुठली सिरपं चालतील ते आधी तू ठरव, मग थेंबभर जिभेवर ठेवून थुंकायचं. प्रेडनिसोलोन किंवा क्लिंडामायसिनचा कडूपणा एकदा कळला, की 'मूल औषध घेत नाही' असं सांगणाऱ्या आईला ही मुलं उपदेश करणार नाहीत.

हॅरी शर्की या डॉक्टरांनी 1968 मध्ये लहान मुलांना औषधोपचारातली अनाथ म्हटलं होतं, कारण बहुतेक औषधं मुलांवर तपासलेलीच नसत. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची पहिली अत्यावश्यक औषधांची यादी आली ती थेट 2007 मध्ये. आजही वॉर्डात मोठ्यांच्या गोळ्या कुटून पुड्या कराव्या लागतात. कोणती गोळी कुटायची नाही, हा एक दिवसाचा धडा सहज होईल.

शेवटचा आठवडा आई-बापांशी बोलण्याचा. घरातला चमचा कधी 3 मिलीचा, कधी 7 चा, म्हणून सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यायची. बाटली हलवायची, फेस बसू द्यायचा, मगच माप बघायचं. फेनिटोइन या फिट्सवरच्या औषधाचं सस्पेन्शन (पातळ औषध, ज्यात कण तळाला बसतात) न हलवता दिलं तर वरचे डोस पातळ जातात आणि तळाचे अंगावर येतात. आणि बापाने 'कळलं' म्हटलं म्हणून सोडायचं नाही, त्याच्याच हाताने एकदा भरून घ्यायचं.

परीक्षेत माझा 1.6 किलोवाला प्रश्न नक्की घाल, नाव सांगितलंस तरी चालेल. प्रश्नसंच झाला की आधी मला पाठव. कॅल्क्युलेटर न घेता सोडवतो, बघू किती चुकतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लॅबमधला जुना जोडीदार