ओळखीचे शब्दच फसवतात

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक वाचताना शब्द अडतात म्हणतेस. अगं, लांबलचक शब्दांची धास्ती घेऊ नकोस. ते अडले की शब्दकोश उघडला जातोच. घात करतात ते ओळखीचे शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही.

चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश काढ. स्कॉटलंडची दशा सांगताना सरदार रॉस ‘मॉडर्न एक्स्टसी’ म्हणतो. आजच्या अर्थाने घेतलंस तर ‘आधुनिक परमानंद’, म्हणजे अर्थाचा पार विचका! शेक्सपिअरच्या काळी ‘मॉडर्न’ म्हणजे रोजचं, सामान्य. ‘एक्स्टसी’ म्हणजे भावनेचा उद्रेक, मग तो दुःखाचाही असो. देशात आकांत इतका नित्याचा झालाय, असं त्याला म्हणायचंय. लगेच पुढे येतं की मृत्यूची घंटा वाजली तरी ती कुणासाठी, हेही कुणी फारसं विचारत नाही. ही पुढची ओळ वाचली असतीस तर ‘परमानंद’ तिथेच खटकला असता. म्हणून अर्थ बघण्याआधी मागची-पुढची ओळ वाचायचीच.

अशा शब्दांसाठी वहीत वेगळं पान ठेव. ‘डाउट’ म्हणजे पुष्कळदा भीती वाटणं, ‘ओ’ (owe) म्हणजे मालकीचं असणं, ‘अ‍ॅडिशन’ म्हणजे किताब, ‘स्टिल’ म्हणजे नेहमी, ‘पिटिफुल’ म्हणजे दयाळू. हे अर्थ नाटकाच्या तळटिपांतूनच घे. रोजच्या वापराचा छोटा शब्दकोश आजचा अर्थ देतो आणि चूक पक्की होते.

सुरुवात पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातल्या मॅकबेथच्या स्वगताने कर. 28 ओळीच आहेत. पहिलं वाचन मोठ्याने, न थांबता. दुसऱ्या वेळी अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ आणि समासात तुझा अंदाज. मगच टीप बघायची. अंदाज चुकला तरी तो खोडू नकोस, चुकलेला अंदाज शेजारी असला की खरा अर्थ जास्त टिकतो. त्यातलाच ‘ट्रॅमल’ घे, म्हणजे जाळ्यात अडकवणं. ट्रॅमल हे मासे-पाखरं धरायचं जाळं. राजाच्या खुनाचे परिणाम जाळ्यात बांधून टाकता आले तर किती बरं, असा मॅकबेथचा विचार. जाळं डोळ्यांपुढे आलं की शब्द घोकावा लागत नाही.

एका दिवशी सात-आठ शब्द पुरेत. कार्डाच्या एका बाजूला पूर्ण ओळ लिही, शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेव. मागे शब्द, अर्थ आणि कोण कुणाला म्हणतंय ते. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने बघ. वर्णानुक्रमे यादी मात्र अजिबात पाठ करू नकोस, त्यात शब्दाला बोलणारं माणूसच उरत नाही.

कधीकधी अर्थ नाटकातच दिलेला असतो. दुसऱ्या अंकात मॅकबेथ रक्ताळलेल्या हातांकडे बघत ‘इन्कार्नडाइन’ म्हणतो आणि पुढच्याच ओळीत, ‘मेकिंग द ग्रीन वन रेड’, हिरवं पाणी लालच लाल होतं. तिथे ‘ग्रीन’नंतर किंचित थांबून वाच, नाहीतर ‘वन’ त्याला चिकटतो आणि ‘सगळं एकच लाल’ हा अर्थ निसटतो.

‘दाउ’ (thou, म्हणजे ‘तू’) आणि ‘यू’चं तुला जड जाणार नाही, आपल्याकडे तू-तुम्ही आहेच. लेडी मॅकबेथ पहिल्या अंकाच्या त्याच सातव्या प्रवेशात नवऱ्याशी बोलताना एकातून दुसऱ्यात जाते. कुठे जाते तेवढ्या जागांवर खूण करून ठेव, पुढच्या पत्रात त्यावर बोलू.

तुझी,
आई