घरचं कुत्रं रात्री मोकळं सोडू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांवर आपल्या पानात दर थोड्या दिवसांनी एखादं पत्र असतंच आणि मध्यंतरी पिटबुल-रॉटवायलरचा विषय तर थेट गोव्याच्या विधानसभेत पोचला. मी लिहितोय ते ह्या दोघांबद्दल नाही. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे, ज्याला नाव आहे, जे दुपारी सोप्यावर पाय ताणून झोपतं आणि घरातली पोरं ज्याला मिठ्या मारतात त्या आपल्या लाडक्या कुत्र्याबद्दल लिहितोय. आमच्या फोंडा तालुक्यात घरामागचं परसू, कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, काजूची बागायत सगळं एकमेकांना लागूनच असतं, आपण त्याला आपली बाग म्हणतो, पण तिथं मुंगूस, धामण, घोरपड, उदमांजर, भारद्वाज, पाणकोंबडी ही मंडळी आपल्या आधीपासून राहतायत आणि त्यांच्या मागं रोज लागणारा बिबटा नसतो, आपला टॉमी असतो.

मध्यंतरी वाड्यावर एका घरच्या कुत्र्यानं घोरपड धरून अंगणात आणली. कमरेत धरलेली, तिची शेपटी चाबकासारखी त्याच्या तोंडावर बसत होती आणि ते मान झटकून तिला हलवत होतं. मालक काय करत होते तर व्हिडिओ. शेवटी ओरडून सोडवली, घोरपड चिऱ्यांच्या ढिगात घुसली आणि सगळे म्हणाले, बघ, काही झालं नाही, गेली पळत. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, खाली हसण्याचे इमोजी. आता कुत्र्याच्या चाव्याचं असं असतं की बाहेर बघावं तर दाताची दोन भोकं दिसतात आणि आत बरगड्या, आतडी चेपलेली असतात, वर तोंडातले जंतू जखमेत गेलेले. पळून गेला म्हणजे वाचला असं नसतं, बऱ्याचदा ते जनावर दोन-चार दिवसांनी कुठंतरी कपारीत मरतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

ह्यात मला गंमत वाटते ती वेगळीच. घुमट ह्या आपल्या मातीच्या वाद्याला पूर्वी आपण घोरपडीचं कातडं लावायचो, आवाज तसा दुसऱ्या कशाचा येत नाही असं जुनी माणसं आजही म्हणतात. पण कायदा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. तेव्हा घुमटाला बकरीचं कातडं आलं, २०१९ साली सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं आणि चवथीला आरत्या आता त्याच्यावर चालतात, कोणाची तक्रार नाही. एवढं सगळं घोरपडीसाठी सोडलं आणि तीच घोरपड घरच्या कुत्र्यानं मारली की आपण हसतो? आणि कुत्र्याला मुद्दाम छू करणारे पण आहेत हां. त्यांना सांगायला हवं की ह्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही, जनावराला पळवणं, हाकणं, तसा प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय.

कुत्र्याला दोष देऊन उपयोग नाही. लॅब्रेडोर ही जातच वाढवली ती शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी उचलून आणायला, बीगल सशामागं धावायला, डॅशहुंड बिळात शिरायला. आमचं गावठी तर सगळ्यात हुशार. काही वर्षांपूर्वी भारतातल्या संशोधकांनी देशभरातून माहिती गोळा केली तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या ८० जाती निघाल्या, त्यातल्या ३१ धोक्यात आलेल्या. आणि 'आमचं नुसतं भुंकतं, चावत नाही' म्हणणाऱ्यांसाठी, सिडनीजवळच्या रानात एक अभ्यास झाला होता, २००७ मधे छापून आला, पट्ट्याला धरून नुसतं फिरवलेल्या कुत्र्यांमुळंसुद्धा तिथल्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे वासानं आणि नुसत्या असण्यानंच पाखरं दूर होतात.

सध्या तर दिवसच नाजूक आहेत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, रातवा तर घरटंच करत नाही, पाल्यापाचोळ्यावर सरळ अंडी. बुलबुल जास्वंदीत कमरेएवढ्या उंचीवर घरटं बांधतो आणि त्याची पिल्लं नीट उडता येण्याआधीच खाली उतरतात, एक-दोन दिवस झुडपाखाली उड्या मारत असतात आणि आईबाप तिथंच येऊन भरवतात. नेमकं तेव्हाच आमचं कुत्रं हुंगत येतं. म्हणून बागेत घरटं दिसलं की तेवढे दिवस त्या बाजूला कुत्रं सोडायचं नाही, जाळी लावा नाहीतर झावळं आडवी टाका, पण सोडायचं नाही. पाऊस सुरू झाला की मग बेडूक. त्यातला खडबडीत अंगाचा भेक कुत्र्यानं तोंडात धरला तर त्याच्या कातडीतलं विष लागून तोंडाला फेस येतो, घरचे घाबरून रेबीज झाला म्हणून बोंब मारतात. तोंड पुसून, पाण्यानं बाहेरच्या बाजूला धुऊन व्हेटला फोन करायचा.

आता मुद्द्याचं. दिवसा आपलं लक्ष तरी असतं, खरा घात होतो तो तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत, कारण उदमांजर, साळिंदर, रातवा सगळे तेव्हाच फिरतात आणि तेव्हाच आपण गेट बंद करून कुत्र्याची साखळी काढतो. कुळागरवाले लगेच म्हणतील, अरे मग माकडं कोण हाकणार, नारळ राहील का एक तरी? बरोबर आहे, माकडांनी वैताग आणलाय, मी पण त्यातलाच. पण माकडं रात्री येतात का? ती दिवसा येतात, दिवसा ठेवा ना कुत्रं राखणीला, आपण आसपास असताना. राहिला रानडुक्कर, तो येतो रात्री, पण त्याच्यावर एकटं कुत्रं गेलं तर सुळ्यानं पोट फाडून घेतं, डुकराला कुंपणच पाहिजे. आणि काळोखात घोणस, चापडा, नाग ह्यांच्यावर नाक घालणारं कुत्रं सकाळी सुजलेलं तोंड घेऊन येतं ते वेगळंच. म्हणजे रात्री आत घेण्यात कुत्र्याचंही भलंच आहे.

रात्रभर आखूड साखळीला बांधा असं मात्र मी म्हणत नाही, तसं कुत्रं चिडकं होतं आणि शेजाऱ्यांची झोप जाते. ग्रीलच्या पडवीत झोपू दे. जागा नसेल तर जुनी पद्धत चांगली आहे, दोन माडांमधे जाड तार ओढायची, तारेत कडी आणि कडीला साखळी, कुत्रं इकडून तिकडं फिरतं, फक्त मधे झुडूप, बांय (विहीर), गडगा येता नये. संध्याकाळी खरोखर दमेपर्यंत फिरवा, बांधून ठेवलेल्या आणि कंटाळलेल्या कुत्र्यालाच जास्त उचापती सुचतात. लहानपणापासून 'सोड' आणि 'ये' हे दोन शब्द शिकवा, बिस्किट देऊन, मारून नाही, मारलं की ते तोंडातलं घेऊन पळतं. उरलेला भात-मासळी बाहेर ठेवू नका, त्यावर उंदीर येतात, उंदरामागं धामण-मुंगूस आणि मग कुत्रं आहेच. आणि बागेचा एक कोपरा तरी झावळं, चिरे, काट्याकुट्यांचा असू दे, कुत्र्याचं तोंड जाणार नाही असा, तिथं घुसून जनावर वाचतं. हल्ली नवीन बंगल्यांत सगळं लॉन करतात, लपायला जागाच नाही.

लस हा पण ह्याच गोष्टीचा भाग आहे. गोव्यानं २०२१ मधे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून नाव मिळवलं ते लसीकरणाच्या जोरावर, पण डिस्टेंपर ह्या विषाणूच्या रोगाची लस घरचं कुत्रं असूनही कितीजण टाळतात. तो रोग उदमांजरालाही होतो, आणि गीरमधे २०१८ साली वीसहून जास्त सिंह मेले त्यात ह्याच विषाणूचा हात निघाला.

कुत्र्यानं काही धरलंच तर पहिलं कुत्रं बाजूला, मग जनावरावर कापड टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात काळोखात ठेवायचं, दूध-पाणी घशात ओतायचं नाही, आणि वनखात्याला कळवायचं. फोटो नंतर.

पंचायतीत लसीकरणाचा कॅम्प लागतो तेव्हा सगळे कुत्रेवाले एका जागी असतात, तिथंच पशुवैद्यकीय खात्याच्या माणसानं रात्री कुत्रं आत घ्यायचं एवढं सांगितलं तरी पुष्कळ. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. रस्ते आणि कचरा ह्यातच दोन तास जातात आमच्याकडं, पण मांडणार. आपल्या वाचकांनीही आपापल्या पंचायतीत मांडावं.

आपला,
एक वाचक, सावईवेरे, फोंडा